पीव्हीसीच्या खोलीत पारसशेठचा सत्कार

...वास कसला, म्हनतोय. आवं, आमच्या म्हशीनं त्या खोलीकडनं तोंड फिरवलं, शेजारच्या मांजरानं जायाची वाट बदलली, आन ह्यो गडी दुकानात थंडगार हवेत बसून मलाच इचारतोय, "वास? कसला वास ओ काका? नव्याचा असतोय की ओ तेवढा." नव्याचा म्हनं. तुमास्नी सांगतो, आमची राहीबाईबी लग्नात नवी व्हती, शालू नवा, वाकळ नवी, मडकं नवं... कुनाच्या डोळ्यातनं पानी आलं न्हवतं. म्हंजे आलं व्हतं एकाच्या, तिच्या बापाच्या, पन ते मला बगून.

बसा, पयल्यापास्नं सांगतो. मी हरिबा. गाव कृष्णाकाठी, सांगलीच्या अलीकडं. गावाचं नाव सांगत न्हाई, कारन गाववाल्यांनीच हात जोडल्यात, "हरिबा, तू कुटला ते सांगत जाऊ नगंस, पोरींच्या सोयरिकी मोडत्यात." शाळा चौथीपतूर. चौथीत गुरुजींच्या खुर्चीला गुळाचा पाक लावला, तवा गुरुजी खुर्चीसकट उठलं आन मी शाळंतनं उठलो. दोघंबी परत बसलो न्हाई.

तर आमचं गाव काठाला, म्हंजे पूर ठरल्याला. पानी येतं, घर बगून जातं, पन जाताना भितीत ओल ठेवून जातं. चुना लावा, फुगतोय. रंग लावा, पापुद्रं सुटत्यात. माझं काय म्हननं न्हवतं, भीत हाय, तिलाबी जरा घाम यायचाच. पन आमचा जयराज पडला मिलिटरीतला हवालदार. सुट्टीवर आला, संगं दोन दोस्त आनलं, आन त्यातला एक भितीला टेकून बसला तो उठला तवा पाठीवर अर्धी भीत घिऊन उठला. झालं. जयराजची इज्जत गेली. दुसऱ्या दिवशी गडी फटफटीवर बसला आन थेट सांगलीत, पारसशेठच्या शोरूमला. मला मागं घेतला, कशाला तर म्हनं, "आबा, तुमी पसंत करा." मी पसंत करायचं म्हंजे गप बसायचं.

पारसशेठ म्हंजे लय गोड मानूस. तरना, गोरा, केस चापून बसवल्यालं. आमास्नी पानी दिलं, पंख्याखाली बसवलं, आन सुरू झाला बगा... "जयराजभाऊ, भिंतीला पीव्हीसी पॅनेल, वर पीव्हीसीचंच सीलिंग, खाली व्हिनाइलची फरशी. लाकूड नाही, वाळवी नाही. वाळवी नाही म्हणजे औषध मारायला नको, जीवहत्या नाही, आमच्यासारख्या जैनाला तर पुण्यच की ओ. ओल दिसणार नाही. आणि पूर? येऊ दे की ओ पूर. पाणी गेलं, फडकं मारलं की नवं."

मी म्हनलं, "हळदीचा डाग?"

"फडकं मारलं की नवं."

"नातवंडांनी काय केलं तर?"

"काका, तेच सांगतोय की ओ. फडकं मारलं की नवं."

मी म्हनलं, मानूस जुना झाला तर? तवा जयराजनं माझा गुडघा दाबला.

मानसं आली, टकाटका मोजलं, कराकरा कापलं. डिंकागत कायतरी लावलं खाली, त्येचा वास असा की माझं डोकं तपकिरीशिवाय हाललं. बरं, मागल्या अंगाला खिडकी व्हती, तितनं नदीचं वारं यायचं. कारागीर म्हनला, "ही झाकूया. खिडकी ठेवली तर शो जातो." शो जातो म्हनून वारं घालवलं. घातलं पॅनेल खिडकीवर. आन खोली कशी दिसाय लागली सांगू? दातांच्या डाक्टरकडं बसतो न्हवं आपन, तशी. चकचकीत, पांढरीफेक, आन बसल्या जागी पोटात गोळा. जयराजनं फोटू काढलं, सगळ्या पलटनीला धाडलं, आन गेला ड्युटीवर.

गेला, आन चैत पेटला. वर पत्रा. पत्रा तापला की सीलिंग तापतंय, सीलिंग तापलं की वास सुटतोय. कसला वास? नव्या रेक्झिनच्या पिशवीत मुंडकं घालून वरनं नाडी आवळल्यागत. मला काय, मी दिसभर पारावर. पन राहीबाई घरात. आदी म्हनली डोकं दुखतंय. मग म्हनली घसा धरलाय. मग खोकला. सुनबाई नातवंडं घिऊन म्हायारी गेल्याली, ती शहानी, तिकडंच ऱ्हायली.

आन आता बंब. आमच्याकडं आंघोळीच्या बंबाला काय चालत न्हाई सांगा? कनसाची बुरकुंडं चालत्यात, शेंगांची टरफलं चालत्यात, चिपाडं, फुटका पाट, गेल्या साली उभा ऱ्हायल्याल्या उमेदवाराचा फलक... जे जळतंय ते बंबात, ह्यो आमचा धरमच. तर कारागिरांनी पॅनेलचं तुकडं ढीगभर टाकल्यालं. मी पारसशेठला फोन लावून इचारलं व्हतं, "ह्ये काय करायचं?" म्हनला, "ठेवा की ओ, कामाला येतील." राहीबाईनं आनलं कामाला. सकाळी बंबात घातलं आन वाकून फुकलं.

तुमास्नी सांगतो, धूर बगितलाय मी. गुऱ्हाळाचा बगितलाय, सरनाचा बगितलाय. असला बगितला न्हाई. काळा, आन नाकात गेला की मिरची न्हवं, तेजाब. ती बाई अंगनात भुईवर बसली आन आत ओढाय गेली तर दम येईना. तोंड निळं पडलं. मी जन्मभर लोकांस्नी भ्या दाखवलं, त्या सकाळी मला कुनी न दाखवता भ्या वाटलं.

रिक्षात घालून सांगलीला न्हेली. डाक्टरीनबाई म्हनली, "काय जाळलं?" मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "आजोबा, पीव्हीसी कधी जाळायचं नसतं. त्याच्या धुरातनं आम्ल निघतं, फुफ्फुस भाजतं. आणि कोंडलेल्या, तापलेल्या त्या नव्या खोलीत यांना अजिबात झोपवायचं नाही. मोकळी हवा पाहिजे. परत दम लागला तर मला उशीर चालणार नाही." वाफारा दिला, औषिद दिलं, घरी धाडलं. मी आपलं वाटनं इचार करतोय. भीत पुसता येती, फरशी पुसता येती. आता छातीला आतनं फडकं कसं मारायचं, ते सांग म्हनावं पारसशेठ.

गेलो सांगायला. तर तितं ते, "वास? कसला वास ओ काका?" बंबाचं सांगितलं तर म्हनतोय, "अरेरे, जाळायचं कशाला ओ?" आन जाताना काय दिलं म्हाईत हाय? फवारा. मोगऱ्याचा. "मारा खोलीत, फुकट तुम्हाला." मारला. आदी नुसतं प्लाष्टिक व्हतं, आता प्लाष्टिकाला गजरा घातला.

मग जयराजला फोन लावला. म्हनलं, "बाबा, ह्ये सगळं उचकटायचं. तुझ्या आईला सोसंना." तर तिकडनं खदाखदा हसाय लागला. "आबा, नवीन काढलंत काय? पारसशेठ म्हणाले, काही वास नाही."

आता ह्येला काय म्हनावं? पोटचं पोरगं परक्या दुकानदाराचं खरं धरतंय. पन त्येचंबी एकापरीनं बराबर हाय. त्येच्या लग्नात मीच बेंडवाल्यांस्नी शेजारच्या गावच्या मांडवात धाडलं व्हतं, तितल्या नवरदेवाला फुकाट वाजिवलं आन आमची वरात पिपानीवर निघाली. त्येच्या सासऱ्याला वडूजास्नं पयल्यांदा सांगलीत आनला, तर मी कानात सांगितलं, "पाव्हनं, हळदीच्या बाजारात शिंकलं की दंड हाय, माल उडतोय." गडी दिसभर नाक धरून हिंडला, तोंडानं श्वास घिऊन. लय मज्जा आली व्हती, अजून आठवलं की जेवान जास्त जातंय. पन अशा मानसानं फोन करून "वास येतोय" म्हनलं तर कोन खरं धरनार? राहीबाईनं सवता सांगितलं तर म्हनतोय, "आई, आबांनी तुलाबी सामील केलं व्हय गं?"

राहीबाईनं वाकळ उचलली आन गोठ्यात गेली. म्हनली, "त्ये भितीवरलं निगल्याबिगर म्या उंबरा चडनार न्हाई." म्हशीशेजारी बाजलं टाकलं, मी माझं टाकलं पल्याडच्या अंगाला. गावात बोभाटा, की हरिबाला म्हातारपनी बायकूनं घराभाईर काढला. घरात ऱ्हायली कोन? खोली. एकटी. चकचकीत. फडकं मारलं की नवं.

तवा मी ठरिवलं. ह्ये निघंल कवा, तर जयराज हो म्हनंल तवा. जयराज हो म्हनंल कवा, तर पारसशेठ सवता म्हनंल तवा. आन पारसशेठ म्हनंल कवा? त्येला त्या खोलीत भर दुपारी कोंडून तास-दोन तास शिजवल्याबिगर न्हाई. पन मानूस कोंडायचा कसा? दारू न्हाई पीत, पत्त्याला न्हाई बसत, सूर्य मावळायच्या आत जेवतोय. सज्जन मानसाला गंडवायचं म्हंजे लय अवघड काम.

पन आपल्या सातारा-सांगलीत अशी एक गोष्ट हाय, की तिच्यापुढं भलाभला जागचा हालत न्हाई. सत्कार. एकदा डोईला फेटा बसला, गळ्यात हार, अंगावर शाल, मांडीवर नारळ, की मानूस मेला तरी उटत न्हाई. भाषनं संपंस्तवर उटायचं न्हाई, रीतच हाय. लघवीला लागली तरी हसत बसतोय.

सांगावा द्यायला त्येच्या घरी गेलो मुद्दाम. आत पाय ठेवला आन पायाला गारवा. बगतो तर शहाबादी फरशी. भितीला चुना. खिडक्या सताड उघड्या, वारं हिकडनं येतंय तिकडनं जातंय. त्येची आई राजमतीआक्का पानी घिऊन आली. मी गरिबागत इचारलं, "आक्का, ह्ये पीव्हीसी न्हाई बसवलं घरात?" म्हनली, "नको गं बाई तसलं, मला गुदमरतंय." बाहेर आलो आन तुमास्नी सांगतो, माझ्या मनात दया म्हनून काय व्हती ती त्या शहाबादीवर ठेवून आलो.

सत्काराचा दिवस. वैशाखातली दुपार. खोलीत सतरंजी, भितीला फलक, 'पूरग्रस्तांचे घर सजवणारे उद्योजक पारसशेठ यांचा भव्य सत्कार'. दार लावलं, म्हनलं कुत्री येत्यात. पंखा बंद केला, म्हनलं फोनवर आवाज येत न्हाई. फोन कशाला? तर जयराजला तिकडं पलटनीत चालू इडिओ दाखवायचा व्हता. फोन उभा केला कोपऱ्यात, जयराज त्यात दिसतोय, खूश. "आबा, चांगलं काम केलंत पहिल्यांदा."

फेटा मीच बांधला. आवळून. शाल कुटली, तर आमच्या आज्याची घोंगडी, म्हनलं ही मानाची हाय. आन भाषनाला कोन? मानसिंग सुभेदार. ह्यो गडी पेन्शनीत आल्यापास्नं बोलतोय, अजून थांबला न्हाई. त्येच्यामागं बचत गटाच्या बनुबाई, त्या बोलत न्हाईत, गात्यात.

सुभेदारांनी सुरू केलं. "साथियों... जब मैं जम्मू में था..." पीव्हीसीवर यायला त्यास्नी जम्मू, पठाणकोट, अंबाला अशी सगळी ठेसनं घ्यायची व्हती. वर पत्रा तापाय लागला. सीलिंगानं सोडला वास. मी दाराला टेकून बसलो, पारसशेठच्या तोंडाकडं टक लावून. म्हनलं, आता लाल व्हनार. आता शिंकनार. आता डोळ्यातनं धार लागनार, आन लागली की मी फोनवर वरडनार, "बग जयराज, बग तुझ्या शेठचं काय झालं."

सुभेदार पठाणकोटला आलं तवा बनुबाई खोकल्या. अंबाल्याला पुढली लाईन डोळं पुसाय लागली. माझंच डोकं गरगराय लागलं. आन पारसशेठ? आवं, फेट्याखाली घोंगडीत मांडी घालून बसलाय, गोमटेश्वरागत शांत. घाम येतोय तेवढा पुसतोय, आन हसतोय, मान हलिवतोय, "वा, वा." मी म्हनलं, हा काय मानूस हाय का ह्योबी पीव्हीसीचा?

अंबाल्याच्या पुढं सुभेदारांस्नी जाता आलं न्हाई. तोंडानं "हमारी टुकडी" म्हनलं आन पुढं नुसतं खॅक खॅक. मग जे झालं ते तुमास्नी सांगतो, लढाईच. सगळी उठली दाराकडं, दाराला मी टेकल्याला, मला तुडवून जायाला लागली. सुभेदारांनी शिपाईपना केला. "खिड़की कहाँ है?" मी म्हनलं, झाकलीय, शो जातो म्हनून. त्यांनी बूट उचलला आन घातला पॅनेलात. कडाड. दुसरा. खिडकी दिसली, फळ्या ढकलल्या, आन आलं बगा नदीचं वारं आत. बाया अंगनात, बापय अंगनात, बनुबाई हौदात तोंड घालून.

आन फोनमदी जयराज हसून हसून लोळतोय. "आबा, मानलं. पूर्ण गाव सामील केलंत ह्या खेपेला. सुभेदारकाकांनी तर ॲक्टिंग कमाल केली."

मला खरं सांगतो, रडू आलं. एवढं गाव खोकतंय आन पोरगं टाळ्या वाजिवतंय. मी फतकल मारून बसलो तितंच, आन पारसशेठकडं बगितलं. गडी एकटाच बसलाय, फेटा, घोंगडी, नारळ सगळं जाग्यावर. म्हनतोय, "काय झालं ओ काका? संपला कार्यक्रम? चांगला झाला की ओ."

मी म्हनलं, "मुडद्या, तुला वास येत न्हाई व्हय रं?"

गडी नारळ हातात फिरवत बसला. मग बारीक आवाजात म्हनला, "काका, मला कसलाच वास येत नाही ओ. दुकान टाकलं, दिवसभर माल उघडायचा, एसी लावून दारं बंद. हळूहळू गेलं नाक. दुकानानं गेलं का आणखी कशानं, मला ठाऊक नाही. आई दूध करपलं म्हणून ओरडते, मी शेजारी उभा असतो. लेकीचं डोकं हुंगतो, काही लागत नाही. तुम्ही वास येतो म्हणालात, तेव्हा मला वाटलं, येतच असेल... पण धंद्याच्या माणसानं नाक गेलंय म्हणून सांगायचं कुणाला? मी काय बोलतो, तर फडकं मारलं की नवं."

फोनमदलं हसू बंद झालं. जयराजला सगळं ऐकू गेल्यालं. आमच्या पोराला माझं खरं वाटत न्हाई, आईचं वाटत न्हाई, पन आपल्या तोंडानं आपल्या मालाचं वाटोळं करनारा दुकानदार त्येनं कवा बगितला न्हवता. म्हनला, "आबा, काढून टाका सगळं. आज काढा. आईला फोन द्या."

आई गोठ्यात. फोन घिऊन गेलो, मागनं पारसशेठबी आला, फेट्यासकट. राहीबाईनं पोराशी काय बोलायचं ते बोलून घेतलं आन मग ह्येचं ऐकलं. मी म्हनलं, आता ही ह्येला शेनात लोळवनार. मी जागा करून दिली. तर हिनं काय केलं? मेथीची जुडी चुरगाळून त्येच्या नाकाखाली धरली. "काय येतंय का लेकरा?" त्येनं मान हालवली. मग हळदीचं पान. मग म्हशीचं ताजं शेन. न्हाई. राहीबाईनं डोळ्याला पदर लावला, आन माझ्याकडं बगून, माझ्याकडं बरं का, म्हनली, "आवं, लाजा न्हाईत तुमास्नी? असल्या लेकराला घोंगडीत घालून शिजवलंत?"

म्हंजे मीच. दम तिचा कोंडला, खोली माझी बिघडली, तुडवला मला, आन दोषी मी.

खोली झाली बगा साफ. पारसशेठनं आपलीच मानसं आनून सगळं उचकटलं, तुकडा न तुकडा गाडीत घालून न्हेला, बंबाजवळ ठेवला न्हाई. भीत परत ओली, घाम येतोय तिला, राहीबाई टेकून बसती आन पाठीवर अर्धी भीत घिऊन उटती, पन खोकला न्हाई. पारसशेठनं दुकानात भावाला बसवलं, दारं-खिडक्या उघडून, आन गिऱ्हाइकाला आता आदी सांगत्यात, जाळू नका, खिडकी झाकू नका, वारं लागू दे. गिऱ्हाईक कमी झालं म्हनत्यात. आन सवता तो? आवं, राहीबाईनं हुकूम सोडला, मोकळ्या हवेत ऱ्हा, नाक परत येतंय का बगू. म्हनून गडी सुट्टीचा दिवस आला की आमच्या गोठ्यात. कुटल्या बाजल्यावर? माझ्या. मी ज्येचा सूड घ्यायला निगालो, तो माझ्या बाजल्यावर, माझ्या म्हशीशेजारी, माझ्या बायकूच्या हातची बिनकांद्याची भाकरी-आमटी खातोय दिस असंस्तवर, आन मी भुईवर पोत्यावर.

तर परवा असाच पडला व्हता. मी म्हशीला वैरन घालून आलो, त्येच्या उशाशी बसलो. गडी ताडदिशी उठून बसला. नाक वर केलं, फेंदारलं, परत हुंगलं. म्हनला, "काका... आला. वास आला." मी म्हनलं, "कसला रं? मेथीचा? शेनाचा?"

म्हनला, "नाही ओ. तुमचा."

राहीबाईनं आतनं हात जोडलं, म्हनली, "आलं गं बाई नाक लेकराचं." आन मला म्हनली, "आवं, उठा आता. त्येनं खोटं कवा सांगितलंय?"

खांद्यावर टावेल टाकला आन गेलो गुमान नदीला.